मोजणी मान्य केलेला माणूस

हे लिहायचं मी चौदा वर्षं टाळत आलो. केडगावात सकाळी फिरून झालं की आम्ही चार-पाच निवृत्त माणसं चहाच्या टपरीपाशी बसतो. कोणाचा ना कोणाचा पाहुणा मिरजगावच्या बाजूने आलेला असतो आणि तो हमखास विचारतो, "त्या रस्त्याला ते विमान उभं आहे ना, त्याचा एक पंख तोकडा का हो?" मग बाकीचे माझ्याकडे बघतात, कारण त्या रस्त्याच्या देखभालीवर मी शेवटची नऊ वर्षं शाखा अभियंता होतो. मी सांगतो, "भंगारातून आणलेलं विमान. तसंच आलं असेल."

हे खोटं आहे. विमान आलं तेव्हा त्याचे दोन्ही पंख शाबूत होते. एक माझ्यामुळे गेला. ज्यांचं ते विमान, ते नाना गेल्या हिवाळ्यात वारले. मी बहात्तर वर्षांचा आहे. आता लिहिलं नाही तर राहून जाईल.

नाना नात्याने माझे कोणी नव्हते. त्यांना सगळेच नाना म्हणायचे, गिऱ्हाईकंसुद्धा. उंच, सडपातळ, चष्म्याला दोरी बांधलेली. तीस वर्षं ट्रेलर चालवलेला माणूस. बोलताना दर दोन वाक्यांनी मान जराशी उजवीकडे वळायची, आरशात मागची गाडी बघितल्यासारखी. नवख्या माणसाला वाटायचं, आपल्या मागे कोणीतरी येऊन उभं राहिलंय.

विमान कसं आलं ते त्यांच्याच तोंडून ऐकण्यात मजा होती. नोकरीच्या शेवटी शेवटी ते एका भंगाराच्या वखारीत लोखंड भरायला गेले होते. तिथे हे चाळीसेक माणसांचं जुनं विमान उभं होतं, इंजिनं काढून घेतलेलं. "गॅसकटर पेटवून एक जन शेपटीपाशी हुबा. मी म्हनलं, थांब बाबा, आदी च्या पिऊ. च्या संपस्तवर इमान माझं झाल्तं."

तीन खेपांत त्यांनी ते गावी आणलं. रस्त्याकडेला त्यांची थोडी जमीन होती, मागे विहीर. विहीर आणि रस्ता यांच्यामध्ये जेमतेम विमान मावलं, रस्त्याला समांतर, एक पंख विहिरीवर आणि एक रस्त्याकडे. पंखांच्या सांध्यातले बोल्ट गंजले होते, म्हणून नानांनी स्वतः शिकून एकेक रिवेट मारून सांधे पक्के केले. सहा महिने लागले. गाव हसत होतं. त्यांच्या बायकोला सगळे मावशी म्हणत. त्या तर उघड म्हणायच्या, "लोकांचे नवरे म्हातारपनी देव धरत्यात, ह्यांनी इमान धरलंय."

तरी स्वयंपाक मावशींनीच हातात घेतला. बाजरीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, आणि गुरुवारी हुलग्याचे शेंगोळे. शेंगोळे खायला नगरहून गाड्या यायच्या.

पण हॉटेल म्हटलेलं नानांना चालायचं नाही. "हाटेल न्हाई, इमान हाय. इमानात जेवायला मिळतं, येवढंच." शिडीच्या पहिल्या पायरीशी उभे राहून ते प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे, "कधी इमानात बसलाय का?" जो नाही म्हणेल त्याला खिडकी. जो हो म्हणेल त्याला मधली जागा. त्यामुळे मोटारीतून येणारी बडी माणसं धडधडीत खोटं बोलायची. पुण्याचे एक गृहस्थ "छे हो, कुठलं नशीब" म्हणून खिडकीशी बसले आणि त्यांच्या बायकोने मागून विचारलं, "अहो, मग दुबईला काय आपण एसटीने गेलो होतो?" नानांनी त्यांना उठवलं आणि तिथे ऊस तोडायला चाललेल्या एका म्हातारीला बसवलं. गृहस्थ निमूट उठले. नानांचा आवाज चढत नसे, पण ऐकावं लागे.

वैमानिकाच्या जागेवर मात्र कोणालाच बसता येत नसे. नानांच्या वडिलांच्या काळात घर बौद्ध झालेलं. त्या खुर्चीवर त्यांनी बुद्धाची वीतभर मूर्ती ठेवली होती. कोणी थट्टेने विचारलं, "नाना, हे चालवणार का विमान?" तर म्हणायचे, "चालवनार न्हाईत. पन आपटू बी देनार न्हाईत."

रोज सकाळी ते विमानाला एक फेरी मारायचे आणि ट्रकवाले ठोकतात तशी चाकं टॉमीच्या लोखंडी दांड्याने ठोकून बघायचे. महिन्याच्या पहिल्या तारखेला जॅक लावून प्रत्येक चाक थोडं फिरवून ठेवायचे. मी एकदा विचारलं, "हे विमान कुठे जाणार आहे नाना?" ते म्हणाले, "येका कुशीवर झोपवला तर मानसाला बी जखमा हुत्यात सायेब."

वळवाचा वारा सुटायच्या दिवसांत ते चारी बाजूंनी खुंट ठोकून विमानाला दोर बांधत. "इंजिन न्हाई तर काय झालं, पंख हायेत की. पंख हायेत तवर भरवसा न्हाई."

आणि हा माणूस आयुष्यात कधी विमानात बसला नव्हता. मुलगा पुण्यात नोकरीला होता, तिकीट काढतो म्हणायचा. नाना नको म्हणायचे. "मी दुसऱ्यात बसून गेलो तर ह्याला काय वाटंल?"

आता माझ्याविषयी.

नानांची आणि माझी पहिली भेट कामाची नव्हती. वरिष्ठांचे पाहुणे आले होते, त्यांना शेंगोळे खायला घेऊन मी गेलो. बरोबर ऑफिसातली माणसं होती. शिडीशी नानांनी मला थांबवलं.

"सायेब, बूट खाली."

मी म्हणालो, "अहो, विमानात कोणी बूट काढतं का?"

"तुमच्या इमानात नसत्याल काढत. ह्ये माझ्या दारात हुबं हाय."

पाहुण्यांनी काढले, मलाही काढावे लागले. माझा उजवा मोजा फाटलेला होता आणि अंगठा पूर्ण बाहेर. शिडीखाली उभा असलेला एक टेम्पोवाला ओरडला, "सायबांचं इंजिन भाईर आलं वो!" सगळे हसले. पाहुणे हसले, माझा शिपाई हसला. नाना हसले नाहीत. ते मावशींकडे वळून म्हणाले, "जरा सुई-दोरा आन गं, सायबांचा मोजा शिवून देऊ." ते मनापासून म्हणत होते. हसले असते तर मला बरं वाटलं असतं.

तो फाटका मोजा मी दोन वर्षं मनात ठेवला. बूट काढायला दुसऱ्या कोणी सांगितलं असतं, आमच्यातल्या एखाद्या वाडीच्या पाटलाने सांगितलं असतं, तर मला एवढं लागलं असतं का, हा प्रश्न मी स्वतःला फार उशिरा विचारला. लागलं नसतं. हेही लिहून ठेवतो, कारण खरं लिहायचं तर तेवढं वगळून चालणार नाही.

मला निवृत्त व्हायला आठ महिने राहिले होते तेव्हा ऑफिसात एक निनावी अर्ज आला. विमानाचा पंख रस्त्याच्या हद्दीत येतो, वाहनचालकांचं लक्ष विचलित होतं, वगैरे. अर्ज कोणी केला ते कधी कळलं नाही. मी दोन मजूर घेऊन मोजायला गेलो. रस्त्याच्या मध्यापासून ठरलेल्या अंतरावर हद्द येते. टेप लावायचा आणि चुन्याची रेघ मारायची, एवढंच काम. एक मजूर डांबराच्या मधोमध उभा राहिला. दुसऱ्याच्या हातून टेपचं टोक नानांनी स्वतःकडे घेतलं. "ढिला नको. मी वढून धरतो."

पंख रेघेच्या बाहेर पाच फूट आला.

"पाच फूट?" नानांनी विचारलं.

"पाच फूट."

नानांनी मान वळवून आरशात बघितल्यासारखं केलं. "बरं," म्हणाले. मावशींनी पाणी दिलं. मी ते पिऊन निघालो.

पुढे कडुलिंबांची एक रांग आहे, तिच्या सावलीत आम्ही डबे उघडले. घास तोंडात असताना माझी नजर त्या झाडांवर गेली आणि मला आठवलं. सात वर्षांपूर्वी हा रस्ता रुंद केला तेव्हा ही झाडं वाचवायची म्हणून सगळी रुंदी समोरच्या बाजूला घेतली होती, म्हणजे नानांच्या बाजूला. ते मीच केलं होतं. झाडं वाचवली म्हणून माझं कौतुकही झालं होतं. म्हणजे आजच्या डांबराचा मध्य हा रस्त्याचा खरा मध्य नव्हता. तो सहा फूट सरकलेला होता. हद्द जुन्या दगडांवरून मोजायला हवी होती.

डबा ठेवून मी एकटाच मागे चालत गेलो. हद्दीचा जुना दगड बाभळीच्या झुडपात होता, विमानापासून लांब नाही. तिथून नजरेने अंदाज घेतला. नानांचा पंख त्यांच्याच जमिनीत होता, फूटभर राखून.

मी तसाच परत आलो आणि उरलेली भाकरी खाल्ली.

त्याच दिवशी पुन्हा रेघ मारायला काय हरकत होती? तो फाटका मोजा होता. आठ महिन्यांवर आलेली निवृत्ती होती. सात वर्षं रोज जो रस्ता पाहिला त्याचाच मध्य चुकलो हे वर कळवायचं होतं. आणि चौथी गोष्ट, जिच्या भरवशावर मी गप्प बसलो. आमच्या जिल्ह्यात मोजणी झाली म्हणजे वाद मिटत नाही, तिथून तो सुरू होतो. बांधावरच्या फूटभर जमिनीसाठी आज्याने लावलेली केस नातू चालवतो. 'मोजणी मान्य नाही' हा अर्ज लोक मोजणीच्या आधीच लिहून आणतात. मोजणी मान्य केलेला माणूस मी नोकरीत एकही पाहिला नव्हता. मला खात्री होती की नाना आठवड्यात हरकतीचा अर्ज घेऊन येतील. मग मी पुन्हा मोजणी लावीन, दगडावरून मोजीन, पंख वाचेल आणि माझी चूक कोणाला कळणार नाही. त्याच रेघेचा अहवाल मी वर पाठवून दिला.

पाचव्या दिवशी नाना कागद घेऊन आलेच. कारकुनाने न वाचताच हरकतींच्या गठ्ठ्यात ठेवला. नाना म्हणाले, "वाचा की वो."

कारकुनाने वाचलं आणि चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "साहेब, हे म्हणतात मोजणी मान्य आहे. पंधरा दिवसांत पंख उतरवून घेतो म्हणतात."

सगळं ऑफिस हसायला लागलं. कोणीतरी म्हणालं, "नाना, कागद बदलला का तुमचा?"

मी त्यांना माझ्या टेबलाशी बोलावलं. "हे बघा नाना, हरकत घेता येते. पुन्हा मोजू आपण." त्या दिवशी मी खऱ्याच्या जवळ गेलो तो तेवढाच.

"कशाला? टोक मीच धरलं हुतं की. माझ्या हातात टेप आसताना खोटं मोजलं आसंल का?" ते थांबले. "तीस वर्सं मी रस्त्याचं खाल्लंय सायेब. रस्त्याची पाच फूट जागा दाबून मला झोप न्हाई लागायची."

"विमान मागे सरकवता येईल का?"

"मागं हीर हाय. हिरीला कुठं सरकवू?"

त्यांनी माझ्यासमोर सही केली, सावकाश, एकेक अक्षर.

भंगारवाल्याच्या कटरपासून वाचवलेल्या विमानाला नानांनी कटर लावला नाही. सांधा पंखाच्या टोकापासून बारा फुटांवर होता. शिडी लावून तिथला एकेक रिवेट ते ड्रिलने काढायला बसले. त्यांनी स्वतः मारलेले रिवेट. अकरा दिवस ते काम चाललं. माझी जीप रोज दोनदा तिथून जायची. रोज जाताना मी ठरवायचो की येताना थांबू, आणि येताना ठरवायचो की उद्या.

चौथ्या दिवशी थांबलो. खालून मावशी त्यांना झापत होत्या, "जेवा की खाली येऊन! त्यो पंख काय पळून जात न्हाई!"

मी हाक मारली, "नाना, जरा खाली येता का?"

"येवढी रांग हुं द्या. बोला तुमी, मला ऐकू येतं."

ड्रिल चालू झालं. त्या आवाजात मी बोललो. खरंच बोललो. "नाना, माप चुकलंय," असं म्हणालो. ड्रिल थांबलं. नानांनी वरून विचारलं, "काय म्हनालात?"

मावशी माझ्याकडे बघत होत्या. ड्रायव्हर बघत होता.

"काही नाही," मी म्हणालो. "जपून करा."

"व्हय व्हय."

पंख उतरवला त्या दिवशी गावातली वीस माणसं खांदा द्यायला आली. नानांनी अंगणात दोन बाजा मांडून त्यांवर गोधड्या टाकल्या होत्या. पंख त्यांवर ठेवला. नाना त्याच्या कडेला बसून राहिले, एखाद्या आजाऱ्यापाशी बसावं तसे. नंतर उठून विमानाकडे गेले, सांध्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "झालं. आता न्हाई दुखायचं." हे मला माझ्या मजुराने सांगितलं. मी तिथे नव्हतो.

दुसरा कोणी असता तर इथे खचला असता. नाना आठ दिवसांत उठले. त्यांच्या गावाच्या फाट्यावर एसटीची वाट बघायला सावली नव्हती. बाजारच्या दिवशी बाया डोक्यावर पाटी आणि पाटीवर पदर घेऊन उन्हात उभ्या असत. नानांनी चार लोखंडी पाइप रोवले आणि त्यांवर तो पंख आडवा बसवला. आतून पोकळ, त्यामुळे तापत नाही. खाली फरशीचा ओटा केला. जिल्ह्यात एवढ्या झोकात एसटीची वाट बघणारं दुसरं गाव नसेल.

त्याचं उद्घाटन झालं आणि पाहुणा म्हणून मला बोलावलं. सरपंचांनी शाल, नारळ दिला. नानांनी माईक हातात घेतला, आयुष्यात पहिल्यांदाच घेतला असावा, कारण ते त्याच्यापासून फूटभर लांब उभे राहून ओरडून बोलले. "ह्या सायबांनी माप चोख घेतलं म्हनून ह्यो पंख कामाला लागला! न्हाईतर नुसता शोभेला हुता!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शाल घेतली. एका म्हातारीने माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "लेकरा, लई सावली केलीस."

पुढे झालं असं की एका पंखाचं विमान बघायला जास्त गाड्या थांबायला लागल्या. फोटोला तोकडीच बाजू लागायची. नाना म्हणायचे, "दोन पंखांची इमानं काय कुटं बी बघायला मिळत्यात." वळवाच्या आधी दोर बांधताना ते आता विहिरीच्या बाजूला दोन दोर जास्त बांधत. "येकाच पंखानं उडायला गेलं तर वाकडं उडंल. हिरीत पडायचं." त्यांना दुःख झालं नसेल असं नाही. पण ते त्यांनी कामाला लावलं होतं, पंखासारखंच.

निवृत्त झाल्यावर मी तीनदा फक्त सांगण्यासाठी म्हणून गेलो. पहिल्यांदा नानांनी मला खिडकीशी बसवलं आणि जेवणाऱ्या गिऱ्हाइकांना माझी ओळख करून दिली, "माप घेनारे सायेब त्ये ह्येच." दुसऱ्यांदा मी सगळं कागदावर लिहून खिशात नेलं होतं. मावशींनी शेंगोळ्याचं ताट पुढे केलं, नाना समोर बसून वाढत राहिले आणि कागद खिशात घेऊनच मी घरी आलो.

तिसऱ्यांदा गेलो तो विमानात बसून आल्यानंतर. मुलाने बंगळूरला नेलं होतं. शिडीशी नानांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि मी खरं सांगितलं. ते खूश झाले. "आता खिडकी गेली तुमची!" म्हणून त्यांनी मला मधल्या जागेवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. मग बारीक आवाजात विचारलं, "वर गेल्यावर पंख हालतो का वो?"

"हलतो."

"कुटं? मुळाशी?"

"नाही. टोकाशी जास्त."

"टोकाशी व्हय," नाना म्हणाले. खिडकीतून त्यांनी बाहेर बघितलं, तोकड्या बाजूला. "मला वाटलंच हुतं, टोकच हालत आसनार."

सांगायचं होतं ते न सांगताच मी उठलो. मी पुन्हा गेलो नाही. त्यांच्या शोकसभेला गेलो तेव्हा सर्वांत मागे बसलो.

दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या सुनेचा फोन आला. मुलगा आणि ती पुणं सोडून गावी आलेत, विमान आता तीच चालवते. "काका, रस्ता चौपदरी होणार आहे. मोजणीवाले आले होते. आता खिडकी कोणाला द्यायची ते मी ठरवते, पण हे काय माझ्या हातात नाही. ते म्हणतात जुन्या अहवालातली हद्द धरली तर नवा रस्ता उरलेल्या पंखातून जातो, चाकापर्यंत येतो. विमान काढावं लागेल. तो अहवाल तुमचा आहे ना? त्यात काही इकडचं तिकडं झालं असेल का?"

तिने अगदी सहज विचारलं होतं. मी म्हणालो, "उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी मी आधी बाभळीत शिरलो. दगड तिथेच होता, अर्धा मातीत गेलेला. मोजणीचे दोन तरुण अभियंते यंत्र घेऊन आले होते, त्यांना मी तो दाखवला. त्यांनी त्यावरून मोजलं. नवा रस्ता उरलेल्या पंखाच्या टोकाआधी फूटभर थांबत होता. विमान जागचं हलवायची गरज नव्हती. त्यांच्यातला एक म्हणाला, "काका, पण मग आधीचा अहवाल चुकीचा होता असं कोणीतरी लिहून द्यायला पाहिजे. आमचं यंत्र सांगतं, पण कागदावर तुमची रेघ आहे."

मी शिडीशी बूट काढले आणि आत गेलो. मावशी आणि सूनबाई समोर बसल्या. मी सगळं सांगितलं. कडुलिंब, दगड, मोजा, हरकतीची वाट बघणं, ड्रिलच्या आवाजात बोललेलं. माझं संपल्यावर मावशी म्हणाल्या,

"अकरा दिस त्ये वर शिडीवर हुते. तुमची जीप रोज जायाची. मी म्हनायची, बघा, सायेब बघून जातोय, थांबत बी न्हाई. तर त्ये म्हनायचे, आगं, रोज येऊन जातोय, त्येचा जीव हाय आपल्या इमानावर."

सूनबाई म्हणाली, "आत्या, जाऊ द्या आता."

"का जाऊ दिऊ?" मावशी म्हणाल्या. "मला राग आलाय, आन त्यो येऊ दे. सायेब, तुमी आदी लिहून द्या. च्या मागनं."

मी लिहून दिलं. तारीख, जागा, चूक कशी झाली, ती मला त्याच दिवशी कळली होती हे सुद्धा. अभियंता म्हणाला, "काका, हे शेवटचं वाक्य गरजेचं नाही, गाळलं तरी चालेल." मी म्हणालो, असू दे. सूनबाईने साक्षीदार म्हणून सही केली. मावशींनी चहा ठेवला. कपात साखर नेहमीपेक्षा कमी होती, पण कप त्यांनी स्वतः आणून दिला.

परवा सूनबाईचा निरोप आला. हद्द दुरुस्त झाली, विमान आहे तिथेच राहणार. फाट्यावरची शेड मात्र पाच-दहा हात मागे घ्यावी लागेल, ती माणसं बोलावून उचलून घेणार आहेत. पंख पुन्हा विमानाला लावायचा का, असं मोजणीवाल्या पोरांनी विचारलं होतं म्हणे. मावशी म्हणाल्या, "नको. बायांच्या डोक्यावरची सावली काढून न्हेली तर त्ये रागावत्याल."

सरकारी कागद दुरुस्त झाला. ज्यांना सांगायचं होतं त्यांना मात्र मी काहीच सांगितलं नाही. ते अजून माझ्याचपाशी आहे. चौदा वर्षांत मी ते कित्येकदा जुळवलं, लांबवलं, कारणं घातली, पुन्हा काढली. आता एवढंच उरलं आहे:

नाना, तुमचा पंख तुमच्याच जमिनीत होता. मला ते त्याच दुपारी, जेवताना कळलं. तुम्ही शिडीवर होता आणि मी खाली उभा होतो. तेव्हाच मी मोठ्याने बोलायला हवं होतं. मला माफ करा.